पान किती वाजता कापलं

चेन्नईतल्या आमच्या प्रयोगशाळेत उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरशेजारी रोज एक पान फाडायची तमिळ दिनदर्शिका लटकलेली असायची, आणि ती मला डोळ्यांसमोर नको असायची. तारखेखाली राहुकाळाची वेळ छापलेली. सोमवारी साडेसात ते नऊ, मंगळवारी तीन ते साडेचार, शुक्रवारी साडेदहा ते बारा. त्या दीड तासात नवीन कामाला हात घालायचा नाही. माझ्या वडिलांनी सोलापुरात मुद्दाम अमावास्येला घरभरणी केली होती आणि आल्यागेल्याला पेढा देऊन 'बघा, छप्पर अजून जागेवर आहे' असं दाखवलं होतं. अशा घरातून आलेली मी. चेन्नईत आल्यावर कळलं की इथे अमावास्या चांगली मानतात, लोक त्या दिवशी मुद्दाम नवा फ्रीज घरी आणतात. म्हणजे वडिलांचं सगळं बंड इथे फुकट गेलं असतं. राहुकाळाच्या बाबतीत मात्र इथे कुणी ऐकून घ्यायला तयार नसतं.

दिनदर्शिका लावणारी होती आमची अक्का. प्रयोगशाळेतली सगळ्यात जुनी तंत्रज्ञ. तिचे पूर्वज कधीकाळी मराठा राजांबरोबर तंजावरला गेले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, बाहेर तमिळ, ऑफिसात इंग्रजी. मी रुजू झाले त्या पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "जेवण जाहलें कां, मा?" मला वाटलं ही माझी थट्टा करते आहे. आमच्याकडे 'जाहलें' पोथीत असतं, डबा उघडताना नसतं. पण ती तशीच बोलायची. शब्द जुने, चाल तमिळ, मध्येच 'अय्यो' आणि 'सरी', म्हणजे 'बरं'. मी दोन-चार वेळा तोंड दाबून हसले, मग सवय झाली, आणि पुढे नवऱ्याच्या बँकेच्या बदल्यांच्या धास्तीत वर्षं काढताना त्या शहरात घराबाहेर माझ्याशी मराठी बोलणारं दुसरं कुणी नाही म्हटल्यावर ते हसूही गेलं. लोकांसमोर ती मला मॅडम म्हणायची आणि मराठीत आली की सरळ 'तूं'. मी तिला शेवटपर्यंत अहो अक्काच म्हटलं.

आमचं काम भाताच्या पानांवर होतं. समुद्रकाठच्या शेतात खारं पाणी शिरतं, भात पिवळा पडतो. काही वाण मात्र तग धरतात. ते का तग धरतात ते शोधायचं. पेशीत एखादं जनुक कामाला लागलं की त्याच्या निरोपाच्या प्रती निघतात, त्यांना आरएनए म्हणतात. प्रती मोजल्या की कोणतं जनुक किती काम करतंय ते कळतं. दोन ट्रे लावायचे, एकाला साधं पाणी, एकाला मिठाचं. मग पानं कापायची, द्रव नायट्रोजनमध्ये टाकून गोठवायची, खलबत्त्यात कुटायची, आरएनए काढायचा आणि मोजायचा. कापणं, गोठवणं आणि कुटणं हे अक्काचं काम. तिच्या हातचा आरएनए इतका स्वच्छ असायचा की दुसऱ्या विभागातले लोक उसना मागायला यायचे.

मी पहिल्यांदा हे मोजलं तेव्हा चिपचा जमाना होता. चिप म्हणजे काचेची पट्टी, तिच्यावर हजारो जनुकांचे ठिपके आधीच बसवलेले. रंगवलेला आरएनए वर ओतायचा, ज्याच्या प्रती जास्त त्याचा ठिपका जास्त उजळायचा. शाळेतल्या हजेरीसारखं होतं ते. पटावर ज्यांची नावं आहेत त्यांनाच हाक, बाकीचा कुणी वर्गात येऊन बसला तरी मास्तरांना पत्ता नाही. त्या पटावरच्या एका जनुकाने मला जिंकलं. मीठ घातलं की त्याचा ठिपका भक्क उजळायचा. तीन वेळा प्रयोग केला, तिन्ही वेळा तेच. त्या जनुकावर माझा शोधनिबंध छापून आला. ते वाचून समुद्रकाठच्या भातसंशोधन केंद्रातल्या लोकांनी ते जनुक पाहून वाण निवडायला आणि संकर करायला सुरुवात केली. माझ्या नवऱ्याने तर घरात त्याला 'तुझा थोरला' म्हणायला सुरुवात केली. धाकटा, म्हणजे आमचा खरा मुलगा, तेव्हा दुसरीत होता आणि त्याला हे अजिबात आवडायचं नाही.

मग काही वर्षांनी सिक्वेन्सिंग, म्हणजे आरएनएची प्रत अन् प्रत वाचून मोजणारं तंत्र, आवाक्यात आलं. त्याला पट लागत नाही. दारात उभं राहून आत जाणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघायचं आणि मोजायचं, झालं. मशीन आमच्याकडे नव्हतं. नमुने बर्फात घालून दुसऱ्या शहरात पाठवायचे, तिकडून फायली यायच्या. आमचे प्रमुख माणूस म्हणून वाईट नव्हेत, पण नव्या तंत्रावर त्यांचं नव्या जावयासारखं प्रेम. ते म्हणाले, तोच प्रयोग नव्याने करा, जुनी चिप आणि नवं सिक्वेन्सिंग यांची तुलना छापू. मला आनंदच झाला. थोरल्याचं कौतुक आणखी एका तोंडून ऐकायला कुणाला नको असतं?

फायली आल्या आणि मी पहिल्यांदा त्या एकाच जनुकाची ओळ उघडली. पहिल्या बॅचमध्ये मिठाने ते चांगलं वाढलं होतं. दुसऱ्या बॅचमध्ये काहीच फरक नाही. मीठ असो नसो, आकडा तोच. तिसऱ्या बॅचमध्ये अर्धवट, धड वाढलं म्हणता येत नाही आणि धड नाही म्हणता येत नाही. मी खुर्चीवरून उठले, पाणी प्यायले, परत येऊन बघितलं. तेच.

प्रमुख म्हणाले, "चिप म्हणजे धुकंच होतं. नवं तंत्र खोटं बोलत नाही." मी चिडले. जुन्या स्कूटरची मला वर्षानुवर्षं सवय, तिला कुणी खटारा म्हटलं की मी भांडते, तसंच झालं. मी म्हटलं, तिसऱ्याला विचारू. तिसरं म्हणजे क्यूपीसीआर. हे यंत्र एका वेळी एकाच जनुकाची चौकशी करतं. त्याच्या प्रती दर फेरीला दुप्पट करत जायच्या आणि किती फेऱ्यांनी त्या दिसू लागल्या ते बघायचं. लवकर दिसल्या तर मुळातच जास्त होत्या. फ्रीजरमध्ये जुना आरएनए शिल्लक होता, नवाही होता. दोन्ही एकाच प्लेटमध्ये घातले आणि यंत्रासमोर बसून राहिले.

जुन्या आरएनएमध्ये जनुक तिन्ही बॅचमध्ये वाढलेलं होतं, अगदी चिप म्हणाली होती तसं. नव्या आरएनएमध्ये पहिलीत वाढलेलं, दुसरीत सपाट, तिसरीत अर्धवट, अगदी सिक्वेन्सिंग म्हणालं होतं तसं. म्हणजे यंत्रांचं आपसात भांडण नव्हतंच. चिप खरं बोलली होती आणि सिक्वेन्सिंगही खरं बोललं होतं. वेगळं होतं ते पानातच. क्षणभर मला हायसं वाटलं आणि दुसऱ्या क्षणी कळलं की आता बोट यंत्राकडून माणसाकडे वळणार.

प्रमुखांनी अक्काला खोलीत बोलावलं. मीही तिथे होते. त्यांनी विचारलं, "नळ्यांची अदलाबदल झाली का? दोन्ही पानं एकाच ट्रेमधून कापली गेली का?" अक्का म्हणाली, "नाही सर." त्यांनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा तेच म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक पाण्याचा टँकर उभा होता. तिची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती, चष्म्याचा नंबर वाढला होता, आणि माझ्या मनात आलं होतं की हो, झालं असेल. हे आज लिहिताना सुद्धा मला लाज वाटते.

ती गेल्यावर प्रमुख म्हणाले, "यावेळी हातून चूक झाली असेल तर त्या वेळी नव्हती कशावरून? हात तेच." भातसंशोधन केंद्रातले लोक आमच्या निबंधावर विसंबून पुढच्या हंगामाची बियाणी निवडत होते. त्यांना अंधारात ठेवता येणार नव्हतं, आणि प्रमुखांचं हे म्हणणं मला पटलं. निबंध मागे घेण्याचं पत्र लिहायचं ठरलं. सोमवारी ते पाठवायचं. कारण द्यावं लागतं. मी इंग्रजीत लिहिलं, की नमुने हाताळणाऱ्या तंत्रज्ञाकडून नळ्यांची अदलाबदल झाल्याची दाट शक्यता आहे. नाव लिहिलं नाही. पण निबंधाच्या शेवटी आभार मानताना तिचं नाव मीच छापलं होतं, त्यामुळे ज्याला वाचायचं त्याला कळणारच होतं. पत्राची प्रत कार्यालयातल्या तिच्या फायलीलाही लागणार होती. एकतीस वर्षांची नोकरी, आणि फायलीतला शेवटचा कागद हा.

शुक्रवारी दुपारी मी पत्र छापलं. वर तारीख चुकीची पडली होती, म्हणून दुरुस्त करून पुन्हा छापलं, सही केली आणि ते बॅगेत घातलं. शनिवार-रविवार जवळ ठेवायचं आणि सोमवारी सकाळी द्यायचं. तेवढं दोन दिवस लांबवण्याचं धाडस माझ्यात होतं.

शनिवारी सकाळी नवरा इडल्या वाफवत होता आणि मी लॅपटॉप उघडून बसले होते. तो म्हणाला, "तुझ्या थोरल्याचं काय झालं ते कळलं, पण बाकीची भावंडं काय म्हणतात?" तो बँकेतला माणूस, त्याला जनुकातलं ओ की ठो कळत नाही. मी वैतागून म्हटलं, "कसली भावंडं?" आणि म्हणता म्हणता थबकले. वर्गाच्या फोटोत आई आपलंच पोर शोधते आणि फोटो ठेवून देते, तसं मी केलं होतं. सिक्वेन्सिंगने मला सगळ्या जनुकांची मोजदाद पाठवली होती आणि मी एकच ओळ वाचून रडत बसले होते.

मी मिठाने वाढणारी इतर जनुकं उघडली. चांगली ओळखीची, पुस्तकातली. ती दुसऱ्या बॅचमध्येही वाढली होती. तिसऱ्याही. ठणठणीत, जशी वाढायला हवीत तशी. म्हणजे मिठाच्या नळीत मिठाचंच पान होतं आणि साध्या नळीत साधं. अदलाबदल झालेलीच नव्हती! मी इतक्या जोरात 'नाही झालं!' ओरडले की नवऱ्याच्या हातून चटणीचा चमचा पडला.

पण मग माझ्याच जनुकाला झालं काय? मी मिठाचं सगळं बाजूला ठेवलं आणि फक्त साध्या पाण्याची पानं एकमेकांशी ताडून बघितली, पहिल्या बॅचमधलं साधं पान आणि दुसऱ्या बॅचमधलं साधं पान. दोन्ही एकाच वाणाची, एकाच वयाची, एकाच खोलीतली. त्यांच्यात फरक असायचं कारण नाही. यादीत सगळ्यात वर जी जनुकं आली ती मी कॉलेजात शिकले होते. पानाचं घड्याळ चालवणारी जनुकं. सकाळी काही चढतात, संध्याकाळी दुसरी चढतात, ऊन असो वा ढग. एका पानात सकाळ होती आणि दुसऱ्यात संध्याकाळ.

मी अक्काला फोन लावला. "अक्का, नव्या बॅचची पानं तुम्ही किती वाजता कापलीत?"

"कां, मा?"

"सांगा ना आधी."

"वहींत आहे सगळें. मज आठवून सांगवत नाहीं. ऑफिसाला येतें."

ती मांबळमहून बस पकडून आली. टी. नगरच्या बाजारातून शनिवारची बस म्हणजे काय असतं ते ज्याने सोसलं त्यालाच माहीत, पण तासाभरात ती दारात उभी होती, घामाने डबडबलेली, पिशवीत डबा. तिने कपाटातून सगळ्या वह्या काढल्या आणि पलीकडच्या टेबलावर बसली. प्रिंटरजवळ तिचा एक खोका असायचा, एका बाजूने छापलेले वाया गेलेले कागद ती त्यात जमवायची आणि मागच्या कोऱ्या बाजूवर कच्चं काम करायची. आम्ही सगळे तिच्याकडूनच ते शिकलो होतो. तिने वरचा कागद उचलला. बराच वेळ तो नुसता हातात धरला. मग चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि लिहायला लागली. मी दुरून बघत होते आणि मनात म्हणत होते, लवकर लिहा ना हो अक्का.

तिने कागद आणून दिला. सुंदर गोल अक्षर. डावीकडे चिपच्या वेळच्या तीन बॅच. तिन्ही गुरुवार, कारण तेव्हा नायट्रोजन गुरुवारी सकाळी यायचा. दहा, सव्वादहा, दहाला पाच कमी. उजवीकडे नव्या तीन बॅच. सोमवार, सव्वानऊ. मंगळवार, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटं. शुक्रवार, बारा वाजून दहा मिनिटं.

"मंगळवारी पावणेपाच होत आले होते?" मी विचारलं.

"नायट्रोजन गुम्मिडिपूंडीहून आला पावणेतीनला. तीनला राहुकालम् लागलें. साडेचारपर्यंत कात्री कशी लावूं? शुक्रवारीं तेंच. साडेदहा ते बारा." तिने कागदावरच्या वेळेवर बोट ठेवलं. "मला वाटलें, दीड तासांत पान कांहीं पळून जात नाहीं."

पान पळत नाही हे खरं होतं, पण त्याच्या आतलं घड्याळ पळत होतं. मी कागदाकडे बघत राहिले आणि मला आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग मी उठून तिला मिठीच मारली. तिला काही सुधरेना. सकाळचं पान, मिठाने वाढलेलं जनुक. दुपारचं पान, अर्धवट. संध्याकाळचं पान, फरक नाही. अदलाबदल नाही, खोटेपणा नाही, यंत्राचा दोष नाही. मी जोरजोरात सांगत सुटले आणि अक्का नुसती मान हलवत राहिली.

मग तोंड उघडून राहुकाळावर दोन शब्द ऐकवावेत असं माझ्या जिभेवर आलं होतं. वडिलांचं रक्त. पण त्याआधी मी कृतीचा कागद काढला, कारण तिच्या चुकीवर बोट ठेवायचं तर नियम दाखवायला हवा. ती कृती मीच लिहिलेली. पान किती ग्रॅम, मीठ किती, किती सेकंदांत गोठवायचं, खलबत्ता किती वेळ थंड करायचा, सगळं होतं. किती वाजता कापायचं ते कुठेच नव्हतं. भाताच्या पानाला घड्याळ असतं हे मी परीक्षेत दहा मार्कांना लिहून आले होते आणि माझ्याच कृतीत विसरले होते. आमच्या प्रयोगशाळेत दुसरा कुणी कापणीची वेळ टिपतही नसे. अक्का टिपायची, कारण तिला राहुकाळ टाळल्याची खात्री हवी असायची. त्या दिनदर्शिकेने घोळ घातला होता हे खरं, पण घोळ सापडला तोही तिच्याचमुळे. मी तोंड मिटलं.

सोमवारी मी बॅगेतलं सही केलेलं पत्र फाडलं आणि प्रमुखांना सगळं दाखवलं. ते बराच वेळ यादी वाचत राहिले आणि मग म्हणाले, "मी फक्त तुझंच जनुक बघितलं." मी म्हटलं, "मी पण." तेवढ्याने आमची सोडवणूक झाली. भातसंशोधन केंद्राला फोन करून सांगितलं, थोडे दिवस थांबा, पण घाबरू नका.

खात्री करायला एकच दिवस लागणार होता. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर तीन तासांनी पानं कापायची. बुधवार ठरला. बुधवारचा राहुकाळ बारा ते दीड, म्हणजे बाराची कापणी बरोबर त्याच्या तोंडावर. मी अक्काला म्हटलं, "बाराची पानं मी कापते. तुम्ही तेवढा वेळ चहा घ्या."

ती म्हणाली, "सरी."

बाराला दोन मिनिटं कमी असताना मी कात्री घेऊन ट्रेपाशी उभी राहिले, आणि खोटं कशाला सांगू, माझा हात किंचित थबकला. इतकी वर्षं त्या शहराचं पाणी प्यायले होते. तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. अक्का होती, हातात उघडी नळी.

"तुम्ही कशाला आलात?"

"कात्री तुझी. नळी मी धरतें. नळी धरण्यास दोष नाहीं."

हा नियम तिने जागच्या जागी तयार केला होता याबद्दल मला आजही शंका नाही.

आरएनए आधी क्यूपीसीआरला दिला, मग सिक्वेन्सिंगला पाठवला. दोघांनी एकच सांगितलं. सकाळी ते जनुक साध्या पानात झोपलेलं असतं आणि मीठ लागलं की जागं होतं. संध्याकाळकडे ते साध्या पानातही आपोआप जागं होतं, त्यामुळे मिठाने उठवायला काही उरत नाही. चिपने सकाळी दहाचं खरं सांगितलं होतं. थोरला माझाच होता, फक्त त्याच्या उठण्याच्या वेळा मला माहीत नव्हत्या. निबंध मागे घ्यावा लागला नाही. त्याला एक छोटी पुरवणी जोडली, कापणीच्या वेळा दिल्या आणि लिहिलं की मूळ कृतीत वेळ नोंदवायची राहिली होती आणि ती चूक माझी. ते लिहिताना मला जितकं हलकं वाटलं तितकं निबंध छापून आला तेव्हाही वाटलं नव्हतं. त्या महिन्यात मी घरात विनाकारण गाणी म्हणत होते असं मुलगा सांगतो. तमिळमध्ये म्हणत होते, असंही सांगतो.

अक्काचा तो वेळांचा कागद मी टेबलासमोरच्या फळ्यावर एका टाचणीने लावून ठेवला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचे. तिच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी एसी दुरुस्त करायला माणूस आला. त्याने यंत्र सुरू केलं, झोत सरळ फळ्यावर आला आणि कागद फडफडून टाचणीभोवती उलटा झाला. मागच्या बाजूला छापील मजकूर होता. मी सहज वाचला. तारीख चुकीची होती. खाली माझं पत्र होतं, पहिल्या शब्दापासून, 'नमुने हाताळणाऱ्या तंत्रज्ञाकडून' सकट.

एसीवाल्याने विचारलं, "मॅडम, थंड होतंय ना?" मी हो म्हटलं. त्या शनिवारी खोक्यातला वरचा कागद हातात धरून अक्का का बसून राहिली होती ते मला आता दिसत होतं. तिने ते वाचलं, चष्मा पुसला, कागद उलटला आणि मला हव्या होत्या त्या सगळ्या वेळा लिहून दिल्या, ज्यांत तिचा राहुकाळही उघडा पडणार होता. आणि मग माझी मिठी मुकाट्याने सहन केली.

ती बाहेरच्या खोलीत चिप वाचणारं जुनं यंत्र पुसत होती. ते बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, तरी दर आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, ती त्याला गंध लावायची. मी कागद तिच्यापुढे धरला. म्हटलं, "अक्का, हे तुम्ही वाचलं होतंत?"

"वाचलें."

"मग बोलला का नाहीत? इतके दिवस!"

ती फडकं पिळत राहिली. "काय बोलूं, मा? वेळा लिहून दिल्या तर तूं दुसरें पत्र लिहिशील म्हणून वाटलें."

मला रडू आवरेना. मी माफी मागितली, एकदा नाही, चार-पाच वेळा. ती 'सरी, सरी, पुरे' म्हणत राहिली, जशी कुणी उकळत्या दुधाला फुंकर घालावी. मग माझ्या हातातून कागद घेऊन माझ्या टेबलापाशी गेली, डबीतून आणखी एक टाचणी शोधली आणि वेळांची बाजू वर ठेवून तो दोन्ही कोपऱ्यांना पक्का लावला.

"एक टाचणी पुरत नाहीं," ती म्हणाली. "चल, जेवूं या. साडेबारा जाहले."